स्लायडरच्या आतला आकडा आणि बाहेरचा आकडा

क्यूटी या, ॲपच्या खिडक्या-बटनं बनवायच्या साधनसंचात नवा स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा निवडायची पट्टी, तयार केला आणि त्याला काहीच सांगितलं नाही, तर तो उभा येतो, ० पासून सुरू होतो आणि ९९ वर थांबतो. बाणाच्या कळीने १ ने सरकतो, पेज-अप दाबलं की १० ने. यातलं काहीही तुमच्या कामाचा विचार करून ठरवलेलं नाही. आवाज कमी-जास्त करायचा असो, फोटो धूसर करायचा असो की दोन तासांच्या व्हिडिओत पुढे-मागे जायचं असो, हातात पडतो तो हाच स्लायडर. बहुतेक जण त्याला आडवा करतात, कमाल मूल्य १०० करतात आणि पुढच्या कामाला लागतात. मग तक्रारी सुरू होतात: हवा तो आकडा येतच नाही, सरकवला की ॲप अडकतं, फॉर्म खाली सरकवताना भलतीच सेटिंग बदलली. तिन्हींचं मूळ कॉन्फिगरेशनमध्ये आहे, आणि ते समजायला फार प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

उदाहरणं मी मुख्यतः क्यूटीची घेतोय. पायथनमधून क्यूटी वापरू देणाऱ्या पायक्यूटी किंवा पायसाइड या लायब्रऱ्या घेऊन डेस्कटॉप ॲप करणारे पुष्कळ आहेत, शिवाय व्हीएलसी, क्रिता, ओबीएस स्टुडिओ ही रोजची सॉफ्टवेअर क्यूटीवरच उभी आहेत. टीकेइंटर, स्विंग, जीटीके असे दुसरे साधनसंच किंवा वेबपानावरचा स्लायडर, म्हणजे रेंज इनपुट, घेतला तरी प्रश्न तेच राहतात, सेटिंगची नावं तेवढी बदलतात.

आत फक्त पूर्णांक

क्यूस्लायडरच्या, म्हणजे क्यूटीच्या स्लायडरच्या, पोटात एकच गोष्ट असते: एक पूर्णांक. अपूर्णांक त्याला कळत नाही, टक्के कळत नाहीत, सेकंद कळत नाहीत. त्या पूर्णांकाचा अर्थ काय, हे ठरवणं तुमच्याकडे. माझ्या मते स्लायडरबद्दल एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की बाकीचं आपोआप सुटत जातं. आतला आकडा वेगळा, बाहेरचा आकडा वेगळा, आणि मधलं रूपांतर तुम्ही लिहायचं.

समजा एखाद्या चित्राची अपारदर्शकता ०.०० ते १.०० अशी हवी आहे आणि ०.०५ ची पायरी पुरते. मग आतली रेंज ० ते १०० ठेवून पाचाच्या पटीत गोल करत बसण्यापेक्षा सरळ ० ते २० ठेवा आणि वाचताना २० ने भागा. हँडल मधल्या कुठल्याही नकोशा जागी थांबूच शकणार नाही. अक्षरांच्या आकाराचंही तसंच. ८, ९, १०, ११, १२, १४, १६, १८, २४, ३६ असे दहाच आकार द्यायचे असतील, तर स्लायडर ० ते ९ चा करा आणि त्याचा आकडा यादीतला क्रमांक म्हणून वापरा. आकारांमधलं अंतर असमान आहे याची स्लायडरला खबरही लागत नाही.

उलट दिशेने, म्हणजे बाहेरचा आकडा आत लिहिताना, मात्र जपा. पायथनमध्ये १.१५ गुणिले १०० हे ११५ होत नाही, ११४.९९९९… होतं. त्यावर नुसतं इंट, म्हणजे दशांश भाग छाटणारं फंक्शन, लावलं की ११४ हातात येतं. म्हणून आधी राउंड, म्हणजे जवळच्या पूर्णांकावर गोल. शिवाय पायथन ३.१० पासून पायक्यूटी ५ मधल्या जुन्या प्रोग्रामांना आणखी एक धक्का बसला. त्याआधी स्लायडरचं मूल्य ठरवणाऱ्या सेटव्हॅल्यू या फंक्शनला ५०.० असा अपूर्णांक दिला तर तो गुपचूप ५० व्हायचा, आता थेट टाइप-एरर येते. आणि पायथनमध्ये एका तिरक्या रेघेने केलेला भागाकार नेहमी अपूर्णांकच देतो, १०० भागिले २ सुद्धा. काल चालणारं ॲप पायथन अपडेट केल्यावर स्लायडरला हात लावताच कोसळलं, अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच असतं.

टीकेइंटरचा साधा स्केल इथे जरा उदार आहे. त्याला रेझोल्यूशन ०.०५ सांगितलं की तो स्वतःच त्या पायरीवर गोल करतो. पण त्याच टीकेइंटरच्या नव्या रूपातल्या, टीटीके गटातल्या स्केलला रेझोल्यूशन हा पर्यायच नाही. तो लांबलचक दशांश हातात ठेवतो आणि गोल करणं तुमच्यावर सोडतो. वेबवरच्या रेंज इनपुटमध्ये पायरी किमान मूल्यापासून मोजली जाते. मिन ५, मॅक्स १००, स्टेप १० दिलं, तर थांबे ५, १५, २५ असे पडत ९५ ला संपतात आणि १०० कधीच मिळत नाही. जीटीकेत ॲडजस्टमेंट नावाच्या वस्तूत पेज-साइझ असते. ती स्क्रोलबारसाठी आहे. स्लायडरला शून्यच ठेवा, नाहीतर तेवढी जागा वरच्या टोकाला कापली जाते.

आधी रेंज, मग मूल्य, शेवटी कनेक्ट

कॉन्फिगरेशनच्या ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्या याने फरक पडतो. नव्या स्लायडरवर आधी सेटव्हॅल्यू १५० आणि मग सेटमॅक्सिमम २०० असं लिहिलं, तर पहिल्या ओळीच्या वेळी कमाल अजून ९९ च आहे. म्हणून १५० चे ९९ होतात. पुढच्या ओळीत कमाल २०० झाली तरी मूल्य ९९ वरच राहतं. एरर नाही, इशारा नाही. वापरणाऱ्याला वाटतं, ॲप आपली सेटिंग विसरतं.

याहून वाईट प्रकार सिग्नल लवकर जोडल्याने होतो. मूल्य बदललं की स्लायडर व्हॅल्यूचेंज्ड हा सिग्नल, म्हणजे निरोप, सोडतो. समजा त्याला ‘मूल्य फाइलमध्ये साठव’ असा स्लॉट, म्हणजे निरोप आल्यावर चालणारं फंक्शन, जोडला आणि त्यानंतर रेंज १० ते २०० केली. नवा स्लायडर ० वर होता, ते आता रेंजच्या बाहेर पडलं, म्हणून क्यूटी ते १० करतं. मूल्य बदललं म्हणजे सिग्नल सुटला, स्लॉट चालला, आणि साठवलेल्या १५० च्या जागी १० लिहिले गेले. अजून खिडकीसुद्धा उघडलेली नाही! म्हणून रेंज, मग पायऱ्या, मग मूल्य, आणि कनेक्ट, म्हणजे सिग्नल जोडणं, सगळ्यात शेवटी. लेबलवरचा पहिला आकडा दिसावा म्हणून लेबल बदलणारं फंक्शन एकदा हाताने बोलवा.

सगळे स्लायडर सरळ रेषेत चालत नाहीत

चित्र लहान-मोठं करण्याचा स्लायडर घेऊ. झूम २५ टक्के ते ४०० टक्के. आतली रेंज थेट २५ ते ४०० ठेवली तर हँडल मधोमध आणल्यावर २१२.५ टक्क्यांच्या आसपास आकडा येतो. ज्या १०० टक्क्यांवर माणसाला सारखं परत यायचं असतं, ते डावीकडच्या पाचव्या भागात दडपलेलं असतं. चित्र निम्मं करण्याला, म्हणजे १०० वरून ५० ला, जेमतेम ५० एकक जागा आणि दुप्पट करण्याला १००. डोळ्याला मात्र निम्मं आणि दुप्पट हे सारखेच बदल वाटतात.

उपाय गुणोत्तराचा. आतली रेंज ० ते १००० ठेवा. बाहेरचा आकडा काढताना आतला आकडा १००० ने भागा, १६ ला तेवढा घात द्या आणि २५ ने गुणा. १६ का, तर ४०० हे २५ च्या १६ पट आहे. आता ० ला २५ टक्के, १००० ला ४०० टक्के, आणि बरोबर मध्यावर ५०० ला १६ चं वर्गमूळ ४, गुणिले २५, म्हणजे नेमके १०० टक्के. २५० वर ५० टक्के आणि ७५० वर २००. प्रत्येक दुपटीला सारखी जागा. उलट जाताना लॉगॅरिदम: बाहेरच्या आकड्याला २५ ने भागून त्याचा लॉग, भागिले १६ चा लॉग, गुणिले १०००, आणि राउंड.

आवाजाच्या स्लायडरलाही हेच लागू. ध्वनिलहरीची उंची निम्मी केली तर पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, आणि कानाला तो आवाज ‘निम्मा’ वाटत नाही, थोडा कमी वाटतो. सरळ रेषेतला व्हॉल्यूम स्लायडर म्हणूनच वरच्या भागात सुस्त वाटतो आणि तळाशी एकदम गडगडतो. क्यूटीत यासाठी कन्व्हर्टव्हॉल्यूम हे फंक्शन तयारच आहे. स्लायडरचं मूल्य लॉगॅरिदमिक मापावरचं समजून त्याचं रेषीय मापात रूपांतर करून घ्यायचं आणि ते प्लेअरला द्यायचं.

आता एक गुंता, जो या रूपांतरातूनच येतो. स्लायडरशेजारी आकडा टाइप करायची पेटी, म्हणजे स्पिनबॉक्स, ठेवायची पद्धत चांगली आहे. स्लायडर अंदाजासाठी, पेटी नेमकेपणासाठी. दोघांना एकमेकांशी जोडलं तरी अनंत चक्र सुरू होत नाही, कारण सेटव्हॅल्यूला आधीचंच मूल्य दिलं तर क्यूटी सिग्नल सोडत नाही. पण आपल्या झूमच्या स्लायडरवर हँडल १० वर आणून पाहा. रूपांतर होतं सुमारे २५.७ टक्के. पेटीत पूर्ण टक्केच चालतात, म्हणून तिथे २६ उमटतात. पेटी बदलली म्हणून ती स्लायडरला उलट निरोप पाठवते, आणि २६ टक्क्यांचं उलटं रूपांतर येतं १४. माणसाने १० वर धरलेलं हँडल त्याच्या बोटाखालून १४ वर उडी मारतं. वरच्या टोकाला हे जाणवतही नाही, कारण तिथे एका टक्क्यात आतली पाऊण-एक पायरीच मावते. खालच्या टोकाला मात्र हँडल थरथरतं आणि कारण काही केल्या सापडत नाही.

खरा झूम एका चलात ठेवा, स्लायडर आणि पेटी या त्याच्या दोन खिडक्या समजा. एकाने बदल केला की दुसऱ्यात लिहिताना त्या दुसऱ्याचे सिग्नल तेवढ्यापुरते बंद करायचे. त्यासाठी ब्लॉकसिग्नल्स आहे, सी प्लस प्लसमध्ये क्यूसिग्नलब्लॉकर त्याहून सुटसुटीत.

सरकवला की ॲप का अडकतं

स्लायडरचं ट्रॅकिंग मुळात चालू असतं. म्हणजे हँडल ओढत असताना प्रत्येक नव्या आकड्याला व्हॅल्यूचेंज्ड सुटतो. लेबल बदलायचं असेल तर छानच. पण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो धूसर करायचा असेल, तर प्रत्येक सिग्नलमागे १ कोटी २० लाख पिक्सेलचं गणित आलं. हँडल या टोकाकडून त्या टोकाकडे नेताना असे कितीतरी सिग्नल सुटतात, ते एकामागून एक चालतात आणि तोवर खिडकी गोठते.

ट्रॅकिंग बंद केलं की ओढत असताना व्हॅल्यूचेंज्ड गप्प राहतो आणि बोट उचलल्यावर एकदाच सुटतो. ओढत असताना आकडा दाखवायचा तर स्लायडरमूव्ह्ड हा वेगळा सिग्नल आहे. हलकं काम त्याला जोडा, जड काम व्हॅल्यूचेंज्डला. वेबवर हीच जोडी इनपुट आणि चेंज या दोन इव्हेंटची.

फक्त एक जपा: जड काम स्लायडररिलीज्डला जोडू नका. नाव ऐकून मोह होतो, पण तो सिग्नल माउसने धरलेलं हँडल सोडल्यावरच सुटतो. बाणाच्या कळीने किंवा माउसच्या चाकाने मूल्य बदललं तर तो येतच नाही. चाचणी करणारा स्वतः माउसच वापरत असल्याने हा बग महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

ओढता ओढता फोटोही बदलताना दिसायला हवा, असा आग्रह असेल तर टायमर. प्रत्येक बदलाला एक छोटा, समजा १५० मिलिसेकंदांचा, एकदाच वाजणारा टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. हात क्षणभर थांबला की तो वाजतो आणि तेव्हाच गणित होतं. मला हाच उपाय सर्वांत आवडतो, कारण माउस, कळी, चाक सगळ्यांना तो सारखाच लागू होतो.

व्हिडिओच्या स्लायडरची गोष्ट याहून जरा निराळी. तिथे दोघे जण एकच हँडल ओढत असतात: बघणारा आणि प्लेअर. प्लेअर आपली जागा स्लायडरवर लिहीत राहतो, बघणारा त्याच क्षणी हँडल पुढे नेत असतो, आणि हँडल मागे-पुढे उड्या मारतं. प्लेअरकडून आलेलं मूल्य लिहिण्याआधी इझस्लायडरडाउन विचारा. हँडल धरलेलं असेल तर लिहू नका. इथे आतला आकडा मिलिसेकंदांत ठेवला तर दोन तासांचे ७२ लाख होतात, ३२ बिटांच्या पूर्णांकात सहज मावतात. मायक्रोसेकंद ठेवले तर हा पूर्णांक सुमारे ३५ मिनिटं ४७ सेकंदांतच संपतो. आणि स्लायडर ६०० पिक्सेल रुंद असेल तर मिलिसेकंदांचा तसाही उपयोग नाही, कारण दोन तासांत एका पिक्सेलला १२ सेकंद येतात. नेमक्या जागी जायला बाणाची कळी लागणार, म्हणून सिंगलस्टेप (बाणाच्या कळीची पायरी) ५००० आणि पेजस्टेप (पेज-अपची पायरी) ६०,००० अशी ठेवा. मूळची १ आणि १० तशीच राहिली तर बाण दाबून एक हजारांश सेकंद पुढे जाता येईल, म्हणजे कुठेच नाही.

रेघा, चाक आणि टिचकी

स्लायडरखाली टिकच्या रेघा काढल्या की हँडल त्यांच्यावरच थांबेल, असं अनेकांना वाटतं. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरला खटके असतात तसं. क्यूटीत टिक हे निव्वळ चित्र आहे. हँडल दोन रेघांच्या मध्ये खुशाल थांबतं. स्विंगमध्ये स्नॅपटूटिक्स हा पर्याय आहे, क्यूटीत नाही. क्यूटीत वर सांगितलेला मार्ग धरायचा, रेंजच लहान करायची. रेघांमधलं अंतर पिक्सेलमध्ये नसून मूल्यात मोजतात, हेही लक्षात असू द्या. ० ते १००० च्या स्लायडरला टिकइंटर्व्हल १० दिलं तर शंभर-एक रेघा निघतात आणि २०० पिक्सेलांत त्यांचा करडा पट्टा दिसतो.

आकडे क्यूस्लायडर स्वतः लिहीत नाही, शेजारी लेबल ठेवावं लागतं. मराठी इंटरफेस असेल तर भाषेनुसार आकडे लिहिणाऱ्या क्यूलोकेलला मराठी सांगून आकडा त्याच्यामार्फत लिहा, देवनागरी अंक मिळतात. लेबलची रुंदी ‘१००%’ मावेल एवढी आधीच बांधून टाका. नाहीतर ९ चे १० होताना लेबल फुगतं, लेआउट स्लायडरला आखूड करतं आणि धरलेलं हँडल हलतं.

माउसचं चाक एक खाच फिरवलं की बहुतेक ठिकाणी मूल्य सिंगलस्टेपच्या तिप्पट सरकतं, कारण एका खाचेला तीन ओळी ही स्क्रोलिंगची नेहमीची सेटिंग इथेही लागू होते. लांबलचक फॉर्ममध्ये हे जास्त त्रासाचं. पान खाली नेताना माउस स्लायडरवर आला की पान थांबतं आणि मूल्य बदलू लागतं. स्लायडरचा उपवर्ग, म्हणजे त्याच्यावरून आपली सुधारित आवृत्ती, करून चाकाची हालचाल हाताळणाऱ्या व्हीलइव्हेंटमध्ये, स्लायडर आधी निवडलेला (फोकस) नसेल तर इव्हेंट इग्नोर करायचा, म्हणजे तो स्क्रोल होणाऱ्या पानाकडे जातो.

पट्टीवर मध्येच टिचकी मारली तर काय व्हावं, हे स्टाइलवर, म्हणजे ॲपचं रूप आणि वागणं ठरवणाऱ्या क्यूटीच्या भागावर, अवलंबून आहे. मॅकवर हँडल थेट तिथे जातं, इतर बऱ्याच स्टाइल्समध्ये एक पेजस्टेप पुढे सरकतं. व्हिडिओच्या स्लायडरला थेट उडीच हवी असते. प्रॉक्सी-स्टाइल, म्हणजे मूळ स्टाइलमधलं थोडंसंच बदलणारी आपली स्टाइल, लिहून स्लायडरच्या ॲब्सोल्यूट-सेट-बटन्स या हिंटला डावं बटन परत केलं की काम होतं. हात स्थिर नसलेल्यांसाठीही ही सोय मोलाची. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेबच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर ओढून करायचं काम न ओढताही करता यायला हवं, असा निकषच आहे. स्क्रीन-रीडरसाठी ॲक्सेसिबलनेम भरा. नाहीतर अंध वापरकर्त्याला नुसतं ‘स्लायडर, ४०’ ऐकू येतं, कशाचे ४० ते कळत नाही.

शेवटी रंगरूप. स्टाइलशीटमधून पट्टी आणि हँडल सजवलं की टिकच्या रेघा गायब होतात. क्यूटी त्या अशा वेळी काढत नाही. हव्याच असतील तर स्लायडर स्क्रीनवर रंगवणाऱ्या पेंटइव्हेंटमध्ये स्वतः काढा आणि दोन्ही टोकांना हँडलची अर्धी रुंदी सोडा. २०० पिक्सेलांचा स्लायडर आणि १६ पिक्सेलांचं हँडल असेल तर हँडलचा मध्य १८४ पिक्सेलच फिरतो. रेघा पूर्ण २०० वर पसरल्या तर मधली रेघ बरोबर दिसते आणि टोकांकडे जाताना रेघा हँडलपासून सरकत जातात.